प्रयोगशाळेची किल्ली

(दहावी १९८९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. जसे बोललो तसेच ठेवले आहे. दोन-चार आकडे नंतर तपासून घातले.)



या मंचावर मी याआधी एकदाच उभा राहिलो होतो. सातवीत, टिळक पुण्यतिथीला. शेंगांच्या टरफलांपर्यंत आलो आणि पुढचं सगळं विसरलो. बाईंनी खालून ओठ हलवून दाखवले, पण मला ते कळले नाहीत. आज कागद आणला आहे, त्यामुळे तुमची सुटका तेव्हाइतकी लवकर होणार नाही.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या फोटोंनंतर सगळ्यात जास्त येणारा मजकूर म्हणजे मला विचारलेला एक प्रश्न. "अबे, तू तिकडं कॉलेजातच शिकवतं ना? पोराले बारावीनंतर अमेरिकेत पाठवाचं हाय. कोन्तं कॉलेज चांगलं?" मी माझ्याच विद्यापीठासारख्या दोन-चार लहान विद्यापीठांची नावं सांगतो. पलीकडून उत्तर येतं, "हे कोन्तं बे? नाव नाही ऐकलं." आणि संभाषण संपतं. समितीतल्या मित्रांनी सांगितलं की एकदाच सगळ्यांसमोर काय ते सांगून टाक. म्हणून हे भाषण.

मी अमेरिकेत मध्यपश्चिम भागातल्या एका लहान खासगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. एकोणिसाव्या शतकात मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी ते काढलं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर ही जाहिरात होईल, आणि मग मला फक्त चांगलंच बोलावं लागेल. किती लहान, ते मात्र सांगतो. सगळे वर्ग मिळून साधारण दीड हजार विद्यार्थी. आपल्या शाळेचा दोन्ही पाळ्यांचा पट धरला तर तेवढाच होता. आपण मात्र त्याला विद्यापीठ म्हणत नव्हतो.

मेथडिस्ट हा शब्द वाशीमला अगदीच परका नाही. इंग्रजांच्या कागदांत आपल्या गावाचं नाव 'बासीम' होतं, तेव्हापासून अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं काम इथे आहे. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्यांचंच. हे लोक मूळचे कोण? अठराव्या शतकात ऑक्सफर्डला जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या वेळी वाचन, ठरलेल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं असं सगळं शिस्तीत करायचे. इतर विद्यार्थ्यांनी चिडवायला त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असं नाव ठेवलं. तेच चिकटलं. आपल्या वर्गात कुणाकुणाची चिडवायची नावं आजतागायत चिकटलेली आहेत, ते मी इथे सांगत नाही. त्यांच्या सुना समोर बसल्या आहेत.

हे लोक अमेरिकेत पसरले आणि जिथे वस्ती झाली तिथे त्यांनी कॉलेज काढलं. इंडियानात डीपॉ विद्यापीठ १८३७ मध्ये, ओहायो वेस्लियन १८४२ मध्ये, मिनेसोटात हॅमलिन १८५४ मध्ये, कॅन्ससमध्ये बेकर १८५८ मध्ये. ड्यूक, एमरी, बोस्टन ही आज मोठी झालेली विद्यापीठंही मुळात मेथडिस्टांचीच. पण बहुतेक लहानच राहिली, लहान गावांतच राहिली. लखनौचं इझाबेला थोबर्न कॉलेज याच मंडळींचं. ओहायोहून आलेल्या एका शिक्षिकेने १८७० मध्ये अमीनाबाद बाजारात मूठभर मुली घेऊन शाळा सुरू केली, त्याचं ते कॉलेज झालं.

इथे काही पालकांच्या मनात एक प्रश्न असतो, तो मोठ्याने कुणी विचारत नाही. मला मात्र फोनवर हळू आवाजात विचारतात. "तिकडे धर्म बदलायला लावतील का?" नाही. नागपूरचं हिस्लॉप, मुंबईचं विल्सन ही कॉलेजं मिशनऱ्यांनीच काढलेली, आणि आपल्या किती पिढ्या तिथे शिकून आल्या. माझ्या विद्यापीठात चर्चची इमारत आहे, रविवारी प्रार्थना होते, जायची सक्ती नाही. अशा काही विद्यापीठांत धर्म किंवा तत्त्वज्ञानाचा एखादा विषय सगळ्यांनाच घ्यावा लागतो. माझ्या वर्गातल्या एका मुस्लिम मुलीने त्या विषयात बौद्ध धर्मावर निबंध लिहिला होता. जुन्या संस्थापकांच्या पाऊलखुणा आता दिसतात त्या दुसऱ्याच ठिकाणी. गावातल्या शाळेत जाऊन शिकवणं, वृद्धाश्रमात जाणं, पूर आला की वाळूच्या गोण्या भरायला जाणं, हे तिथे अभ्यासाइतकंच मोजतात.

आता मुख्य गोष्ट. असं विद्यापीठ मुलाला देतं काय?

पहिलं, वर्ग लहान असतो. साधारण दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात या सत्रात चौदा जण आहेत. कोण आलं नाही हे मला हजेरी न घेता कळतं, आणि का आलं नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं. दुसरं, पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नसल्यामुळे शिकवणारा प्राध्यापकच असतो, आणि संशोधनात हात लागतात ते पदवीच्या मुलांचेच. मोठ्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाच्या मुलाला महागड्या यंत्राजवळ कुणी उभं करत नाही, कारण तिथे पीएच.डी.वाले रांगेत असतात. आमच्याकडे दुसरं कुणी नसतंच. तिसरं, विषय लगेच ठरवावा लागत नाही. दीड-दोन वर्षं वेगवेगळे विषय घेऊन मग मुख्य विषय ठरवता येतो. रसायनशास्त्राबरोबर संगीत घेणारी मुलं माझ्याकडे आहेत. आपल्याकडे सोळाव्या वर्षी गणित सोडलं की ते कायमचं सुटतं. तसं तिथे होत नाही.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण मला तीच मोठी वाटते. माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या मुलाला मी प्रयोगशाळेची किल्ली देतो. रात्री, रविवारी केव्हाही येऊन काम कर. अर्थात नियम असतात, एकट्याने काय करायचं नाही त्याची यादी भिंतीवर असते. पण किल्ली त्याच्या खिशात असते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खिशात ती गेली की त्याची चाल बदलते, हे मी दरवर्षी पाहतो.

मी स्वतः अशा ठिकाणी शिकलो नाही. माझं बी.एस्सी. अमरावती विद्यापीठाचं. प्रॅक्टिकलला एका ब्युरेटवर चौघे असायचो. एक जण वाचन घ्यायचा आणि बाकीचे तिघे उतरवून घ्यायचे. त्या शिक्षकांचा दोष नव्हता, ते दोन बॅचमध्ये ऐंशी मुलं सांभाळत होते. पुढे पीएच.डी. अमेरिकेतल्या एका अवाढव्य सरकारी विद्यापीठात केली. तिथे मी शिष्यवृत्तीवर होतो आणि मला सगळं मिळालं. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की मोठं तेच चांगलं.

या समजुतीची किंमत माझ्या बहिणीने मोजली. ताईला विचारून, तिच्या परवानगीने हे सांगतोय. माझा भाचा रिसोडला बारावी झाला. हुशार, पण बुजरा. त्याला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक लहान कॉलेज, नाव कुणी न ऐकलेलं, पण फीमध्ये बरीच सूट देणारं. दुसरं मोठं विद्यापीठ, क्रमवारीत वर, सूट शून्य. ताईने मला फोन केला. मी पाच मिनिटांत सांगितलं, "मोठ्यातच घाल. नावाला किंमत असते." मी त्या लहान कॉलेजचं संकेतस्थळसुद्धा उघडून पाहिलं नाही. ताईने तीन एकर गहाण टाकून कर्ज काढलं. पहिल्या सत्रात भाच्याचा रसायनशास्त्राचा वर्ग चारशे जणांचा होता. त्याला शिकवणारा प्राध्यापक त्याला ओळखत नव्हता, आणि ओळखणं शक्यही नव्हतं. गृहपाठ संगणक तपासायचा. तो वर्गात जायचा बंद झाला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. मी तिथून आठ तासांच्या अंतरावर होतो, आणि तो फोनवर म्हणायचा, "मामा, मस्त चाललंय." दीड वर्षाने तो परत आला. आता तो ठीक आहे, अकोल्यात पदवी पूर्ण करून नोकरी करतो. पण ते कर्ज अजून फिटतंय. ताईने मला कधी एक शब्द सुनावला नाही. दिवाळीला गेलो की ती चकल्यांचा डबा पुढे करते, आणि मला त्या डब्याकडे बघवत नाही.

त्याच्या जागी दुसरा मुलगा असता तर त्याच मोठ्या विद्यापीठात त्याने झेंडे लावले असते. कॉलेज वाईट नव्हतं. ते त्या मुलासाठी नव्हतं, आणि मामाने मुलगा न बघता नाव बघितलं.

त्यानंतर मी लहान कॉलेजांकडे नीट बघायला लागलो, आणि पुढे तिथेच नोकरी घेतली. आणि मग मला पर्सी ज्युलियन भेटले, म्हणजे पुस्तकात. त्यांची गोष्ट वाशीमच्या माणसाने ऐकायलाच हवी, कारण तिच्यात सोयाबीन आहे.

पर्सी ज्युलियन यांचा जन्म १८९९ चा, अलाबामा राज्यातला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. लिहायला शिकले म्हणून त्या आजोबांची दोन बोटं तोडली गेली होती, असं ज्युलियन सांगत असत. त्यांच्या गावी काळ्या मुलांसाठी धड हायस्कूलही नव्हतं. १९१६ मध्ये हा मुलगा इंडियानातल्या ग्रीनकॅसल या लहान गावी, मेथडिस्टांच्या डीपॉ विद्यापीठात आला. वसतिगृहात जागा नाही. जेवायला बसू देईल असं ठिकाण शोधण्यात पहिले दिवस गेले. पुढे एका विद्यार्थी मंडळाच्या घरात वाढपी म्हणून काम, भट्टी पेटती ठेवायची आणि माळ्यावर झोपायचं. अभ्यासाचा पाया कच्चा, म्हणून कॉलेजच्या तासांबरोबरच दोन वर्षं हायस्कूलचे विषयही शिकायचे. १९२० मध्ये हा मुलगा संपूर्ण वर्गात पहिला आला.

त्या चार वर्षांत तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी त्याला हेरलं होतं. पुढे हार्वर्डची एम.ए. झाली, १९३१ मध्ये व्हिएन्नाची पीएच.डी. झाली, आणि त्यानंतर ब्लँचर्ड यांनीच त्यांना डीपॉला परत बोलावलं. तिथे, पदवीच्या मुलांना हाताशी घेऊन चालणाऱ्या त्या लहानशा प्रयोगशाळेत, १९३५ मध्ये ज्युलियन आणि त्यांचे सहकारी योसेफ पिकल यांनी फायसोस्टिग्माइन हे काचबिंदूवरचं औषध कृत्रिमरीत्या तयार केलं. ऑक्सफर्डचा एक नामांकित संशोधक त्याच कामामागे लागलेला होता. पहिले पोहोचले ते ग्रीनकॅसलवाले.

आणि आता दुसरी बाजू. इतकं करूनही डीपॉने ज्युलियन यांना प्राध्यापक म्हणून घेतलं नाही. ब्लँचर्ड यांना हवं होतं. विश्वस्तांनी नकार दिला. कारण फक्त रंग. म्हणजे त्याच लहान विद्यापीठात एका शिक्षकाने त्यांना घडवलं आणि त्याच विद्यापीठाने त्यांना दारातून परत पाठवलं. १९८० मध्ये तिथल्या विज्ञान इमारतीला ज्युलियन यांचं नाव दिलं गेलं. तोवर त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. मी हे मुद्दाम सांगतो. लहान संस्था म्हणजे आपोआप माया असलेली संस्था, असं कुणी समजू नये. माणसं बघावी लागतात.

डीपॉ सुटल्यावर ज्युलियन शिकागोच्या ग्लिडन कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या हाती सोयाबीन आलं. सोयाबीनच्या प्रथिनापासून त्यांनी कागदावरचा लेप केला. त्याच प्रथिनापासून आग विझवणारा फेस निघाला, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने जहाजांवर वापरला. एकदा तेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा साका बसला. कंपनीच्या हिशेबी ते नुकसान होतं. ज्युलियन यांनी ओळखलं की हा स्टिग्मास्टेरॉल आहे. त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची वाट काढली.

आपण शाळेत होतो तेव्हा आपल्याकडे कपाशी आणि ज्वारी होती. आज जुलैत मंगरुळपीरकडून या की मालेगावकडून या, दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसतं. आपण ते पोत्यात भरतो, मोंढ्यात नेतो, ओलावा किती म्हणून वाद घालतो आणि मिळेल त्या भावाला देतो. त्याच दाण्यात औषध आहे हे बघणारा माणूस कुठून निघाला? एका आडगावच्या कॉलेजात, एका शिक्षकाने चार वर्षं ज्याच्याकडे लक्ष दिलं, त्या मुलातून. अशी उदाहरणं आणखी आहेत. शेरवूड रोलंड यांना ओझोनच्या थरावरच्या कामाबद्दल १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते ओहायो वेस्लियनचे पदवीधर. फरीद मुराद यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते डीपॉचे. दोघांनी मोठं संशोधन पुढे मोठ्या ठिकाणी केलं, पण पाया लहान ठिकाणी घातला गेला.

आता खिशाकडे वळतो, कारण चहाच्या वेळी तुम्ही तेच विचारणार आहात.

अशा खासगी विद्यापीठाची छापील फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च मिळून वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जातो. म्हणजे पन्नास लाखांच्या घरात. हा आकडा ऐकून घाबरू नका आणि विसरूही नका. या विद्यापीठांत छापील फी फार थोडे जण भरतात. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. साडीच्या दुकानात पाटी एक आणि बिल वेगळं, तसंच हे. पण निम्मी सूट मिळाली तरी चार वर्षांचा हिशेब एक कोटीच्या आसपास जातो. आपल्यातल्या बहुतेकांना तो झेपणारा नाही. म्हणून माझं सरळ सांगणं आहे. मोठी शिष्यवृत्ती मिळाली तरच जावं. जमीन गहाण टाकून पदवीला जाऊ नये. आणि मी हे कुणाच्या जमिनीवर शिकलो, ते तुम्हाला आता माहीत आहे.

"पोरगं तिकडं काम करून भागवेल" या भरवशावर राहू नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारात. ग्रंथालयात, खानावळीत. त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही. राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती मुख्यतः पुढच्या शिक्षणासाठी आणि जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांसाठी असते. या लहान संस्था त्या क्रमवारीत नसतातच, कारण ती क्रमवारी मुख्यतः संशोधन मोजते, शिकवणं नव्हे.

दुसरा मार्गही आहे आणि तो स्वस्त आहे. पदवी इथे करा, चांगली करा, आणि पीएच.डी.ला तिकडे जा. विज्ञानात पीएच.डी.ला फी माफ होते आणि वर पगार मिळतो. मी तसाच गेलो. त्यासाठी मात्र मोठं विद्यापीठच हवं, लहानाचा उपयोग नाही.

अजून काय मिळत नाही, तेही सांगतो. अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखा अशा ठिकाणी नसतात. शिकागो, न्यूयॉर्क लांब असतं. गावात बस नसते. गाडी नसलेल्या मुलाला तूरडाळ आणायला कुणाची तरी मनधरणी करावी लागते. गणपतीला मराठी मंडळ नसतं. जानेवारीत संध्याकाळी पाचला अंधार होतो आणि बाहेर बर्फ असतं. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे रडायला आलेली मुलं आहेत. फरक इतकाच, की ती कुणाकडे तरी आली.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट. लहान विद्यापीठं बंद पडतात. अमेरिकेतही मुलं कमी जन्मतायत, आणि कमी पटाच्या शाळेचं काय होतं हे या जिल्ह्यातल्या शिक्षकांना मी सांगायला नको. इलिनॉयमधलं मॅकमरी कॉलेज १८४६ चं, २०२० मध्ये बंद झालं. आयोवा वेस्लियन १८४२ चं, २०२३ मध्ये बंद झालं. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव आहे ते व्हॅन ॲलन तिथेच शिकले होते. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ च्या मे महिन्यात बंद झालं. तिन्ही मेथडिस्टांची. दुसऱ्या वर्षातल्या परदेशी मुलाला एका उन्हाळ्यात नवं कॉलेज, नवे कागद, नवी सूट शोधावी लागणं म्हणजे काय, याचा विचार करा.

म्हणून कुठल्याही लहान विद्यापीठाला, माझ्यासुद्धा, हे प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा.

शिष्यवृत्ती चारही वर्षं राहील का, आणि किती गुणांच्या खाली गेली तर तुटेल? दरवर्षी फी वाढली तर सूट वाढते का? गेल्या पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या वाढली की घटली? मुलाला जो विषय घ्यायचा आहे, त्या विषयात पूर्णवेळ शिक्षक किती, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कुठले विषय बंद केले? सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर परदेशी मुलं राहतात कुठे? आणि शेवटचं, त्या विषयाच्या एका प्राध्यापकाशी आणि तिथे शिकणाऱ्या एका भारतीय मुलाशी फोनवर बोलू द्याल का? जे विद्यापीठ खरंच लहान आणि खरंच चांगलं असतं, ते आठवड्याच्या आत बोलणं करून देतं. जे टाळतं, ते सोडून द्या. एजंट म्हणेल, "मी आहे ना, तुम्ही कशाला फोन करता?" त्याला नमस्कार करा. कुठल्या कॉलेजकडून तुला किती कमिशन मिळतं, एवढं मात्र नमस्कार करण्याआधी विचारा.

आता दोन शब्द इथे बसलेल्या शिक्षकांसाठी. सर, हे तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. या विद्यापीठांच्या अर्जात मुलाचा निबंध असतो आणि शिक्षकांची शिफारसपत्रं असतात. ती खरंच वाचली जातात. आमच्याकडे प्रवेश समितीवर मी ती वाचली आहेत. भारतातून येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं. मुलगा हुशार, मेहनती आणि आज्ञाधारक आहे. त्यावर शाळेचा गोल शिक्का. त्या पत्रातून आम्हाला काहीच दिसत नाही. एकदा एका जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या शिक्षकाचं पत्र वाचलं होतं. इंग्रजी मोडकं होतं. त्यात लिहिलं होतं की ही मुलगी हापशावर पाणी भरताना पाणी यायला उशीर का लागतो, हे मला तीन दिवस विचारत होती. मला येत नव्हतं, मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं. समितीतल्या सगळ्यांनी ते पत्र पुन्हा वाचलं. तुमच्याकडे कुणी शिफारस मागायला आलं, तर तुम्ही पाहिलेली एक गोष्ट लिहा. इंग्रजीची काळजी करू नका.

शेवटी माझी एक जुनी बाकी फेडायची आहे.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी मला आपल्या प्रयोगशाळेची किल्ली दिली होती. ती प्रयोगशाळा म्हणजे काय, दोन टेबलं, एक कपाट, किपचं उपकरण आणि तडा गेलेला फुगापात्र. रविवारी येऊन क्षार ओळखायचा सराव कर, म्हणाले. मी सल्फाइडचा असा काही वास सोडला की सोमवारी दुपारपर्यंत दहावी 'ब' चा वर्ग मैदानात भरला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. मला वाटलं किल्ली गेली. सर परत आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवत जा." किल्ली मागितली नाही.

गेल्या इतक्या वर्षांत मी माझ्या विद्यार्थ्यांना किल्ली देताना हेच वाक्य इंग्रजीत म्हणतो. त्यांना वाटतं हा सुरक्षेचा नियम आहे.

सर आज पहिल्या रांगेत आहेत. सर, दहावीची परीक्षा झाल्यावर ती किल्ली परत द्यायची राहून गेली होती. अकोल्याला गेली, अमरावतीला गेली, मग अमेरिकेला गेली. कुलूप केव्हाच बदललं असेल. ही घ्या.

आणि मित्रांनो, पोरांना कुठे पाठवायचं हे विचारायला जरूर फोन करा. फक्त या वेळी मी आधी कॉलेजबद्दल बोलणार नाही. पोराला फोन द्या म्हणेन.